अहो, पण हे 'सासर' आलं कुठून?

गूढ शब्दकोडं सोडवणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण सोडवलेलं कोडं शेजारच्या माणसाला समजावून सांगायची वेळ यावी, याला मागच्या जन्मीचं काहीतरी लागतं. सोडवताना निदान आपण एकटे असतो. पेन्सिल चावता येते, छताकडे बघता येतं, कोडेकाराच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार करता येतो. उत्तर सापडलं की मात्र तोंडून "वा!" निघून जातं आणि तिथेच घात होतो. घरातलं कुणीतरी विचारतंच, "काय हो, काय झालं?"

'स्वर आणि माळ घेऊन मुलगी निघाली कुठे? (३)' हे त्यातलं एक सूत्र, कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा. उत्तर, सासर. मी बायकोला म्हटलं, "सा हा स्वर, सर म्हणजे माळ, मोत्यांचा असतो ना, तो. सा अधिक सर, सासर."

"मुलगी सासरी निघाली हे कुणीही सांगेल. मग मध्ये स्वर नि माळ कशाला?"

मी सबुरीने घेतलं. सूत्राच्या एका टोकाला, सुरुवातीला किंवा शेवटी, सरळ अर्थ दिलेला असतो. उरलेल्या भागात अक्षरांची जुळणी असते. दोन्हीकडून उत्तर एकच यायला हवं, म्हणजे ताळा आपोआप होतो.

"म्हणजे उत्तर दोनदा सांगितलेलं असतं," ती म्हणाली, "आणि तरी तुम्हाला सबंध सकाळ लागली?"

मेहुण्यांची तऱ्हा निराळी. ते वकिली करतात, जेवतानासुद्धा. 'उलटी वाहणारी नदी गरीब (२)' याचं उत्तर 'दीन' आहे हे सांगितल्यावर त्यांनी आधी नदी उलटी वाहत नाही हा मुद्दा मांडला. तो फेटाळला गेल्यावर म्हणाले, "न, द आणि ई उलटे केले तर 'ईदन' येतं." आता आली का पंचाईत! इंग्रजी कोड्यात एकेक अक्षर सुटं करून हवं तसं विस्कटतात. आपल्या चौकोनात अक्षर काना-वेलांटीसकट, सहकुटुंब येतं. 'दी' फुटत नाही. हे पटवेपर्यंत आमटी गार झाली होती.

खरी मेख विभक्तीची. 'गोंधळलेला वाचक, म्हणजे हूलच (३)' यात वा-च-क ढवळले की 'चकवा' मिळतो. पण कोडेकाराने 'वाचकाला' असं लिहिलं, की 'क'चा 'का' होतो आणि सगळा डाव फसतो. उलट कधी विभक्तीच त्याच्या मदतीला येते. 'बाजारात उलटा दडलेला भूप (२)' बघा. बा-जा-रा-त उलटीकडून वाचा, मध्ये 'राजा' बसलाय. नुसत्या 'बाजार'मध्ये तो मावला नसता. असली कारागिरी पाहून माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आमची आत्या गाणं शिकलेली. तिला 'भूप' दिसल्याबरोबर ती आरोह-अवरोहात शिरली आणि 'राजा' ऐकल्यावर म्हणाली, "या नावाचा राग नाही." तिला हसायची सोय नाही, कारण कोडेकाराला हवं होतं तेच तिने केलं होतं.

हा छळ जन्माला आला इंग्लंडात, आणि छळ म्हणूनच. 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात १९२६ पासून कोडी घालणारे पॉविस मॅथर्स यांनी टोपणनाव घेतलं 'टॉर्केमाडा', म्हणजे स्पेनमधला धर्मछळाचा पहिला मुख्य अधिकारी. पुढच्याने 'झिमेनीझ' हा तसाच दुसरा अधिकारी निवडला. १९७२ मध्ये आलेल्या तिसऱ्याने 'डेझा' नावाचा आणखी एक, तोही उलटा करून, 'अझेड'. (आपल्या पद्धतीने उलटवला असता तर बिचारा 'झाडे' झाला असता.) माणसाने इतकं प्रामाणिक असू नये.

या सगळ्यात मला सख्खा वाटतो तो लेनर्ड डॉ. हा मुख्याध्यापक 'डेली टेलिग्राफ'साठी कोडी रचायचा. मे १९४४ मध्ये त्याच्या कोड्यांतून उटाह, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी असे शब्द येऊ लागले आणि जूनच्या पहिल्याच दिवशी नेपच्यून आला. हे सगळे दुसऱ्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या दोस्तांच्या स्वारीचे गुप्त शब्द, आणि स्वारी होती ६ जूनला! एमआय फाइव्ह या ब्रिटिश गुप्तचर खात्याची माणसं त्याच्या दारात उभी राहिली. हा शब्द कुठून आला, हाच का घातला, दुसरा का नाही घातला? माझ्या घरी हे रोज विचारतात, पण गुप्तहेर म्हणून नाही. त्याला अखेर सोडून दिलं. शाळेतल्या एका विद्यार्थ्याने पुढे १९८४ मध्ये सांगितलं, की शब्द मुलांनीच पुरवले होते आणि मुलांनी ते सैनिकांच्या तोंडून ऐकले होते.

माझ्या व्याख्यानांचा परिणाम मात्र झाला. बायकोने परवा स्वतः एक सूत्र रचून फ्रिजवर चिकटवलं: 'कंपनीच्या आरंभीच टाळा असा वीट (३)'. मी आधी वीटभट्टी घेतली, मग बांधकाम, मग कंपनी कायदा. पंढरपूरलाही जाऊन आलो, मनाने. शेवटी शरण गेलो, म्हटलं, "जरा समजावून सांग ना."

"आधी तुमची कोडी समजावायची थांबवा," ती म्हणाली, "मग तुमचं तुम्हालाच कळेल."