माझ्या ताटाचे विश्वस्त

काल दुपारी माझं सफरचंद जप्त झालं. जप्त करणारे गृहस्थ आमच्याच हिशेब विभागातले. आहारशास्त्राशी त्यांचा संबंध जेवण्यापुरता. "डायबेटिस ना तुम्हाला? मग फळ कसलं खाताय!" असं म्हणत त्यांनी ते उचललं आणि चक्क स्वतः चावलं. भरपाई म्हणून खणातला फळांच्या रसाचा डबा पुढे केला.

"अहो, हेही फळच की."

"छे, हा रस. साखर घातलेली नाही. लिहिलंय बघा."

"फळाची स्वतःची असते ना. रस काढताना तंतू बरेचसे जातात, मग साखर भराभर रक्तात उतरते."

"पण ती नैसर्गिक!"

एकदा नैसर्गिक म्हटलं की वाद मिटला. मग मधाची पाळी आली. चहात मध घाला, मधाने शुगर वाढत नाही म्हणे. मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखरच असते, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "ती मधमाशीची साखर. माणसाला लागत नाही."

मी हट्टाला पेटलो. १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी सहकाऱ्यांसह ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कुठला पदार्थ रक्तातली साखर किती वाढवतो याचं माप, मांडला तिथपासून सुरुवात केली. ग्लुकोजला १०० धरतात. त्या मापाने कलिंगडाचा आकडा बराच वर जातो, पण फोडीत बहुतेक पाणीच, म्हणून बेताने खाल्लं तर फारसा भार पडत नाही. त्यांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं. "म्हणजे," ते म्हणाले, "कलिंगडालाच डायबेटिस असतो?"

आहारतज्ज्ञ बाईंनी मला कागदावर ताट काढून दिलंय. नऊ इंची. अर्ध्यात भाज्या, पाव भागात डाळ, अंडी, मासे असलं काही, उरलेल्या पाव भागात धान्य. बटाट्याला भाज्यांच्या अर्ध्यात प्रवेश नाही, तो धान्याच्या पंगतीत. फळ चालतं, अख्खं आणि मोजून. इतकं साधं, की कुणाला त्यात रस नाही. लोकांना एक खलनायक लागतो आणि एक जालीम उपाय. "निम्मं ताट भाज्या" हे ऐकवून चारचौघांत भाव खाता येत नाही.

आणि खाल्ल्याचा हिशेब द्यायचा तरी किती जणांना? माझ्या गोळ्यांनी कधीकधी शुगर ७० च्या खाली जाते. हात कापतात, घाम फुटतो. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हा नियम. मागे मीटिंगमध्ये तसंच झालं. ग्लुकोजच्या गोळ्या चघळत होतो तर शेजारून कुजबुज: "बघा, चोरून गोड खातात. मग वाढणारच." हे मला हसण्यावारी नेता येत नाही. रक्तदाबवाल्याच्या ताटात मीठ किती, हे कुणी वाकून बघत नाही. आमचं ताट मात्र सार्वजनिक.

तर संध्याकाळी याच गृहस्थांचा वाढदिवस. केकचा वीटभर तुकडा घेऊन स्वतः माझ्या टेबलापाशी आले.

"नको हो."

"एवढ्याशाने काय होतंय? आजच्या दिवशी नाही म्हणता?"

"दुपारी सफरचंद काढून घेतलंत!"

"ते रोजचं. हा वर्षातून एकदा."

मी नाहीच घेतला. तुकडा टेबलावर ठेवून ते गेले आणि जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "पथ्याच्या नावाखाली माणूस तुटतो हो शेवटी."