जीभ दिसते ठणठणीत, तरी भाजते कशी?

जिभेच्या जुनाट जळजळीवर एक मेसेज सध्या फिरतो आहे. त्यातला सल्ला असा: ‘जीभ भाजते ती बी-१२ कमी झाल्यामुळे. गोळ्या घ्या, माउथवॉशने गुळण्या करा, महिन्याभरात बरं वाटेल. तरी राहिलीच तर ते मनाचे खेळ, दुर्लक्ष करा.’

‘बी-१२ कमी झाल्यामुळे.’ कधी कधी, हो. पण लोह, फोलेट किंवा झिंक कमी पडलं, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असला, तोंडात बुरशीचा संसर्ग झाला, कवळी रुतत असली, तरीही जीभ जळते. रक्तदाबावरची एनालाप्रिलसारखी गोळीही त्याला कारण होऊ शकते. म्हणून आधी तपासणी, मग गोळ्या. मेसेजने हा क्रम उलटा करून टाकला आहे. आणि सगळे रिपोर्ट चांगले आले, तोंड आलेलं नाही, चट्टा नाही, तरी ३ महिन्यांहून जास्त काळ रोज २ तासांपेक्षा अधिक भाजतंच आहे, तर त्याला ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’ म्हणतात. तिथे बी-१२च्या गोळ्यांनी गुण आला नाही, तर नवल वाटायला नको.

‘माउथवॉशने गुळण्या करा.’ अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने आग आणखी भडकते. एवढं पुरे.

‘मनाचे खेळ.’ राग येतो तो या वाक्याचा. हा त्रास बहुतांशी पाळी जाण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर बायकांना होतो, आणि बाईच्या दुखण्याचं कारण सापडलं नाही की ते मनावर ढकलायची सवय जुनीच आहे. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या जिभेचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा वरच्या थरातले बारीक मज्जातंतू निरोगी माणसांपेक्षा कमी आढळले. म्हणजे बिघाड आहे, फक्त आरशात दिसणारा नाही. दुखण्याची चालही ठरावीक असते: सकाळी कमी, संध्याकाळपर्यंत चढत जाणारं, जिभेच्या शेंड्याला जास्त, सोबत कडवट किंवा धातूसारखी चव. गंमत म्हणजे जेवताना अनेकांना बरं वाटतं. चिंता आणि नैराश्य या दुखण्याच्या जोडीला दिसतात, हे खरं. पण वर्षानुवर्षं तोंड भाजत असताना कोण प्रसन्न राहील? विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणाऱ्या समुपदेशनाने वेदना कमी झाल्याचंही आढळलं आहे. त्यावरून वेदना खोटी ठरत नाही. वेदनेचे संदेश मेंदूतूनच जातात, एवढंच कळतं.

‘महिन्याभरात बरं.’ असं वचन कुणीच देऊ नये. कॉक्रेन ही उपचारांचे पुरावे एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०१६च्या आढाव्यात २३ चाचण्या पाहिल्या गेल्या. कुठल्याच उपायाच्या बाजूने भक्कम पुरावा निघाला नाही. अल्फा लिपोइक अॅसिड या पूरक गोळीचा सुरुवातीला बराच गवगवा झाला, पण पुढच्या काही चाचण्यांत ते औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. त्यातल्या त्यात आशा आहे ती क्लोनाझेपाम या फिट्सवरच्या औषधाच्या एका वेगळ्या वापरात. २००४च्या एका फ्रेंच चाचणीत ४८ रुग्ण होते. १ मिलिग्रॅमची गोळी चघळायची, लाळ दुखऱ्या जागी ३ मिनिटं धरायची आणि थुंकून टाकायची, दिवसातून ३ वेळा, १४ दिवस. दिखाऊ गोळीवाल्यांपेक्षा या गटाची वेदना जास्त उतरली. सगळ्यांची नाही. औषध झोप आणणारं आणि सवय लावणारं आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. अमिट्रिप्टिलिन, गाबापेंटिन यांसारखी मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधंही देतात. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, आणि इथे तीच तक्रार बहुतेकदा आधीपासून असते! आग पूर्ण विझेल असं नाही, पण दिवस सुसह्य होईल इतकी ती उतरवता येते.

‘दुर्लक्ष करा.’ अजिबात नको. जळजळ फक्त एकाच बाजूला असेल, जीभ किंवा ओठ बधिर होत असेल, पांढरा-लाल चट्टा दिसत असेल किंवा २ आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर त्यामागे दुसरं काही असू शकतं. अशा वेळी दंतवैद्य किंवा मुखरोगतज्ज्ञांना लगेच दाखवायचं.