गोवर्धनच्या गेटातून आत गेलात का कधी?

नाशिककराला कॉलेज म्हटलं की आधी एचपीटी आठवतं, आणि त्यात वावगं काही नाही. १९२४ सालचं कॉलेज, कुसुमाग्रज तिथले विद्यार्थी, वसंत कानेटकर तिथले प्राध्यापक. कॉलेज रोडचे कट्टे तर विचारूच नका.

पण आपल्याकडे एक आख्खं विद्यापीठ आहे, ते मात्र आपल्या खिजगणतीत नाही. (म्हसरूळचं आरोग्य विद्यापीठ नाही म्हणत मी, त्याचा विषय वेगळा.) रविवारी आपल्या गाड्या आनंदवली, सोमेश्वर करत गंगापूर धरणाकडे नाहीतर वायनरीकडे सुटतात. त्याच बाजूला गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. पाहुण्यांना धबधबा दाखवतो, द्राक्षबाग दाखवतो, हे गेट कुणी दाखवत नाही.

विद्यापीठ स्थापन झालं १९८९ मध्ये, पहिले कुलगुरू राम ताकवले. आधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. म्हणजे वर्ग, वसतिगृह, हजेरी असलेलं विद्यापीठ चालवलेला माणूस इथे येऊन यातलं काहीच सक्तीचं नसलेलं विद्यापीठ उभं करत होता. चव्हाणांचं नाव नाशिकमध्ये शोभतंच. चीन युद्धाच्या वेळी संरक्षणमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले, तेव्हा १९६३ च्या पोटनिवडणुकीत याच नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवलं होतं.

आत गेलं की पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं. एवढा मोठा परिसर, पण कॉलेजचा तो गलका नाही. कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे शेतकऱ्यांची ये-जा असते. बाकी कार्यालयं. विद्यार्थी आहेत कुठे? ते नंदुरबारला आहेत, गडचिरोलीला आहेत, एसटीच्या डेपोत, पोलीस ठाण्यात, अंगणवाडीत आहेत. आठ विभागीय केंद्रं, त्याखाली गावोगावची अभ्यासकेंद्रं, आणि दुसऱ्याच कुठल्यातरी कॉलेजच्या बाकांवर भरणारी संपर्कसत्रं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद त्यांनी शब्दशः घेतलं. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला, तो पास झालं की बारावी नसतानाही पदवीला प्रवेश मिळायचा. आमच्या मावशीने असंच बीए केलं. दुपारी जेवणाची भांडी आवरली की ओट्यावरच पुस्तक उघडायची. पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिला कुणीतरी विचारलं, "मुक्तचं का? मग ठीक आहे." त्या 'ठीक आहे'चा मला अजून राग येतो. रोज वर्गात बसून गाईड पाठ करणाऱ्याला असं कुणी विचारत नाही.

अशा विद्यापीठाला परंपरा कसली, असं एक मित्र म्हणाला. आहे की, पदवीदानाची! ज्याने तीन वर्षं विद्यापीठ पाहिलेलंच नाही, तो बायकापोरांसकट येतो आणि इमारतीसमोर उभा राहून फोटो काढतो. कधीकधी पोरंच आईचा फोटो काढत असतात. कॉलेज रोडवर हे दृश्य मला तरी दिसलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा दिवस विद्यापीठाचा घरगुती कार्यक्रम राहू नये. महापालिकेने त्या दिवशी सीबीएसवरून गोवर्धनला जादा बस सोडाव्यात, शहरातल्या कॉलेजांनी आपली मुलं तिकडे न्यावीत, आणि बाहेरगावच्या पदवीधरांची रात्रीची सोय आपल्या वसतिगृहांनी करावी. कुंभमेळ्याला आख्खा देश सांभाळतो आपण, हे काय अवघड आहे?

तुमच्या घरात कुणी मुक्तचं असेल तर खाली नक्की लिहा, कुठल्या गावच्या केंद्रावर होते तेही सांगा.