मामा, तुमचा तो मेसेज मावशीने खरा मानला

मावशी 81 वर्षांची. हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी एऑर्टिक झडप अरुंद झालेली, त्यातून हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला रक्त पुरेसं पुढे ढकलता येईना. ‘सूज उतरली की लघवीची गोळी थांबवा, नाहीतर किडनी जाते. झडप काढ्याने मोकळी होते. ऐंशीनंतर झडपेला हात लावू देऊ नका’ असा मेसेज फिरतोय. तो वाचून तिने गोळी बंद केली. तिसऱ्या रात्री तिला आडवं होता येईना. पहाटेपर्यंत खुर्चीत बसून धापा टाकत होती.

जिवावर उठणारा मुद्दा हा गोळीचा. अहो, ही गोळी अंगातलं जादा पाणी लघवीतून काढते, सूज उतरली तीच गोळीमुळे! अरुंद झडपेतून रक्त पुढे ढकलताना हृदयाच्या डाव्या बाजूचा दाब वाढतो, तो मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो आणि तिथे पाणी साचतं. पायावर सूज नसतानाही साचू शकतं. म्हणून पाय काय बघत बसता, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन.

किडनीचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे नाइलाजाने मान्य. या गोळीने क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढू शकतं, पोटॅशियम घटू शकतं, डोस जास्त झाला तर बीपी उतरून चक्कर येते. पण म्हणून रक्त तपासून डॉक्टर डोस बदलतात. आपल्या मनाने गोळी सोडायची नसते.

काढ्याबद्दल काय बोलणार! झडप अरुंद करणारं कॅल्शियम तिच्या पाकळ्यांमध्येच मुरलेलं असतं, बादलीला बसलेले क्षार नव्हेत ते. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही झडपेचं अरुंद होणं थांबलं नाही, हे चाचण्यांत दिसलंय.

राहिलं वय. 2010 मध्ये ‘पार्टनर’ चाचणीचे निकाल आले. अशाच अरुंद झडपेचे 358 रुग्ण, सरासरी वय 83, सगळे छाती उघडून ऑपरेशन न झेपणारे. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांपैकी 50.7 टक्के वर्षभरात गेले; मांडीतल्या धमनीतून नवी झडप बसवलेल्यांपैकी 30.7 टक्के. झडप बसवलेल्यांत पक्षाघात जास्त झाले, हेही त्यातच आहे. फारच खंगलेल्या माणसाला उपयोग होईलच असंही नाही. पण ते इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून, माणूस तपासून, त्याला विचारून ठरतं.

मावशीची गोळी पुन्हा सुरू झालीय, गुरुवारी इको आहे. मामा, तो मेसेज ज्यांना ज्यांना पाठवलात, त्या सगळ्यांना आता हाही पाठवा.