"आजारी मूल खात-पीत नाही म्हणजे शरीर उपास करतंय" हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, माझ्याकडे एकाच आठवड्यात तीन जणींकडून आला. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की लहान मूल आजारी पडल्यावर खाणंपिणं नाकारतं तो शरीराने स्वतःहून केलेला उपास असतो, प्राणीसुद्धा तेच करतात, उलट्या-जुलाबात पोटाला पूर्ण विश्रांती द्यावी, ओआरएस म्हणजे केमिकल आहे त्यापेक्षा साधं पाणी बरं, तहान लागली की मूल आपणहून मागेल, फारच काळजी वाटली तर नाक दाबून एकदाच पोटभर पाजा, आणि दोन दिवस वाट बघितल्याशिवाय डॉक्टरकडे पळू नका.

माझी लेक 14 महिन्यांची असताना तिच्या तोंडात फोड आले होते, ताप होता, आणि बाटली दिसली तरी मान फिरवायची. तेव्हा मीही जवळपास हाच विचार करून अर्धा दिवस घालवला. त्यामुळे हे मुद्दे एकेक करून घेतेय.

"शरीर उपास करतंय." यातला अर्धा भाग खरा आहे आणि म्हणूनच मेसेज पटतो. तापात भूक खरंच मरते, कारण जंतूंशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं ती मेंदूतली भूकही कमी करतात. एरवी नीट वाढणारं मूल दोन-तीन दिवस दोन-चार घासांवर राहिलं तर त्याने फार काही बिघडत नाही, बरं झालं की ते कसर भरून काढतं, त्यामुळे ताट घेऊन मागे धावू नका हे मलाही मान्य आहे. पण मेसेजमध्ये 'खाणं' म्हणता म्हणता 'पिणं' पण हळूच घुसवलंय. खाणं थांबू शकतं, पिणं थांबू शकत नाही. 10 किलोच्या मुलाला दिवसाला साधारण 1 लिटर द्रव लागतो, म्हणजे वजनाच्या हिशोबात मोठ्या माणसाच्या जवळपास तिप्पट, आणि तापात श्वास जोरात चालतो, घाम येतो, त्यात जुलाब असतील तर विचारूच नका. त्याच मुलाच्या अंगातलं 1 लिटर पाणी कमी झालं तर वजनाच्या 10 टक्के गेलं, आणि ही गंभीर अवस्था असते. मोठ्यांना एक दिवस उपास म्हणजे काही नाही, पण लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठाही थोडाच असतो, काही मुलांची साखर आजारपणात रात्रभर पोटात काही गेलं नाही तरी खाली येते.

प्राण्यांचं उदाहरण तर मला पटतच नाही. प्राण्यांची आजारी पिल्लं खात-पीत नाहीत आणि त्यातली कितीतरी मरतात, ते मोजायला कोणी बसत नाही.

"पोटाला पूर्ण विश्रांती द्या." हे पूर्वी डॉक्टरही सांगायचे, म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना ते पाठ आहे, त्यांचा दोष नाही. आता सल्ला उलटा आहे. जुलाबात आतडं बंद पडलेलं नसतं, मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र मिळाली की आतड्याच्या पेशी ती दोन्ही आत ओढतात आणि त्यांच्यासोबत पाणी आत जातं, जुलाब चालू असतानाही. अंगावरचं दूध तर एकदाही बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. पाणी भरून निघालं की काही तासांतच, मूल घेईल तेवढं, नेहमीचं मऊ खाणं पुन्हा सुरू करायचं, कारण उपाशी आतडं उशिरा सुधारतं. उलटी झाली तर 10 मिनिटं थांबायचं आणि मग आधीपेक्षा हळू सुरू करायचं. एवढीच विश्रांती.

"ओआरएस म्हणजे केमिकल." मग बघूया तरी त्यात काय असतं. डब्ल्यूएचओच्या 2002 पासूनच्या फॉर्म्युल्यात 1 लिटर पाण्यात 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 2.9 ग्रॅम सायट्रेट आणि 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. बस्स. म्हणजे जुलाबातून जे बाहेर जातं तेच परत आत. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं असंच पाणी पिंपात भरून पेशंटच्या नातेवाइकांच्या हातात दिलं, आणि तिथलं मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 4 टक्क्यांच्या खाली आलं. नुसतं साधं पाणी खूप पाजलं तर उलट रक्तातलं सोडियम पातळ होऊन झटके येऊ शकतात, आणि 6 महिन्यांखालच्या बाळाला तर साधं पाणी द्यायचंच नाही. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस हेही नको, जास्त साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच पूर्ण पाकीट घाला, अंदाजाने अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात असं नको, आणि केलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 5 मिलीच्या चमच्याने 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, मीठ त्याहून जास्त अजिबात नको. आणि 1 वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, कितीही प्रेमाने कोणी सांगितलं तरी.

आता "तहान लागली की मागेल". माझा सगळ्यात मोठा राग या वाक्यावर आहे, कारण मी याच भरवशावर बसले होते. मूल नाही म्हणतं तेव्हा त्याला तहान नाही असं नसतं, गिळताना दुखतं म्हणून ते नाही म्हणतं. तोंडात फोड असतात, घसा सुजलेला असतो, नाक बंद असलं की दूध ओढताना श्वास घेता येत नाही, पोटात मळमळतं. आणि पाणी फारच कमी झालं की मूल मागणं तर सोडाच, गळून पडून राहतं, आणि आपल्याला वाटतं बरं झालं, झोपलं एकदाचं.

मग करायचं काय? आधी दुखणं कमी करा. डॉक्टरांनी वजनावरून सांगितलेला पॅरासिटामॉलचा डोस द्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाजायला बसा, तेव्हा बरंच सोपं जातं (अॅस्पिरिन मुलांना नाही). नाक बंद असेल तर पाजण्याआधी सलाईनचे थेंब. तोंडात फोड असतील तर गार द्या, आंबट नको. आणि बाटली, ग्लास विसरा, सुई नसलेली सिरिंज किंवा चमचा घ्या, मूल मांडीवर बसतं धरा, आडवं नाही, आणि सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा. दर 2 मिनिटांनी 5 मिली. ऐकायला काहीच वाटत नाही ना? तासाला 150 मिली होतात. आम्ही फोनवर टायमर लावून आळीपाळीने बसलो, कागदावर रेघा मारत होतो, पहिला तास ती रडली, थुंकली, निम्मं कपड्यांवर गेलं, पण तिसऱ्या तासाला स्वतः सिरिंजकडे तोंड करायला लागली. जुलाब असतील तर प्रत्येक पातळ शी नंतर 2 वर्षांखालच्या मुलाला साधारण 50 ते 100 मिली, मोठ्याला 100 ते 200 मिली जास्तीचं द्यायचं. जुलाबात डॉक्टर 10 ते 14 दिवस झिंकही देतात, जुलाब थांबले म्हणून ते मधेच बंद करू नका, आणि जुलाब थांबवणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या चुकूनही देऊ नका.

नाक दाबून पाजणं नकोच. तोंडाने श्वास घेताना पाणी थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि मळमळणाऱ्या पोटात एकदम ग्लासभर ओतलं की ते सगळं परत बाहेर येतं, म्हणजे मेहनत गेली आणि मूल चमचा बघूनही घाबरायला लागलं.

राहिलं "दोन दिवस वाट बघा". नाही, लहान मुलांमध्ये दोन दिवस फार झाले. मूल काहीच पिऊ शकत नाही, प्यायलेलं सगळंच्या सगळं उलटतंय, झटके आले, किंवा हाक मारूनही नीट जागं होत नाही, यातलं एक जरी असलं तरी लगेच निघायचं, रात्रीचे 3 असले तरी. 6 ते 8 तास शू नाही, डोळे खोल गेलेत, तोंड कोरडं, रडताना अश्रू नाहीत, बाळाची टाळू आत गेलीये, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते, शी मध्ये रक्त, हिरवी उलटी, श्वास जोरात, यातलं काहीही दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा. 3 महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर बाकी काही बघत बसू नका, सरळ घेऊन जा. तिथे पोचल्यावर घाईत आठवत नाही, म्हणून निघतानाच लिहून ठेवा: शेवटची शू किती वाजता, उलट्या आणि शी किती वेळा, पोटात किती मिली गेलं, पॅरासिटामॉल कधी दिलं, आणि शेवटचं वजन किती होतं.