बक्षीसपत्र केलेलं घर 30 दिवसांत परत मिळत नाही

गेल्या रविवारी पालशेतहून आत्याचा फोन आला. "अगो, मंगळवारी गुहागरला रजिस्ट्री आहे. घर आणि कलमांची बाग दादाच्या नावावर करून टाकते. साक्षीदार कमी पडतोय, तू येशील का?" आत्या 74 वर्षांची. दादा, म्हणजे तिचा मुलगा, डोंबिवलीला. घरात आत्या आणि माझी आतेबहीण. ती 31 वर्षांची, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता. एवढी घाई कसली म्हणून विचारलं, तर तिनं वाडीच्या ग्रुपवर आलेला मेसेज मला धाडला. हाच मेसेज त्या आठवड्यात माझ्या आणखी चार अशिलांनी दाखवला होता.

मेसेजचं म्हणणं असं: मृत्युपत्राच्या भानगडीत पडू नका, रजिस्टर नसलेलं मृत्युपत्र म्हणजे रद्दी. 200 रुपयांच्या मुद्रांकावर मुलाला बक्षीसपत्र करून द्या. त्यानं सांभाळलं नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज टाका, 30 दिवसांत घर परत. बँकेत नॉमिनी लावला की पैसा त्याचाच. आणि दिव्यांग मुलाचे आईवडील जन्मभर कायदेशीर पालक असतात, त्याला वेगळा कागद लागत नाही.

200 रुपयांचं खरं आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नवऱ्याला, बायकोला बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क तेवढंच. पण स्वस्त आहे म्हणून लोक डोळे मिटून सही करतात आणि पुढचं सगळं तिथंच बिघडतं.

कारण घर परत मिळण्याची गोष्ट. 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, आणि ते चांगलं कलम आहे. पण ते नीट वाचा. आपल्या मूलभूत गरजा आणि सोयी भागवाव्यात या अटीवर ज्येष्ठ नागरिकानं मिळकत दिली असेल आणि घेणाऱ्यानं ती अट मोडली असेल, तर तो दस्त रद्द करून मागता येतो. म्हणजे मुळात अट हवी. सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 6 डिसेंबर 2022 ला हेच सांगितलं: आईवडील मुलांना मिळकत देतात ती पुष्कळदा प्रेमापोटी, कसलीच अपेक्षा न ठेवता देतात, म्हणून सांभाळण्याची अट त्यात आपोआप धरता येत नाही, ती होती हे दाखवावं लागतं. आता आपल्याकडच्या दस्तलेखकांचा ठरलेला मजकूर आठवा. "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता", आणि खाली "यापुढे सदर मिळकतीवर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही". असे अर्ज ऐकणाऱ्या प्रांताधिकाऱ्यांपुढे समोरचा वकील हीच दोन वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवतो. मी चिपळूणला ती ऐकली आहेत, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा चेहराही पाहिला आहे.

2 जानेवारी 2025 ला ऊर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं आईच्या बाजूनं निकाल दिला, हे मला कुणी तरी ऐकवेलच. दिला, आणि हा कायदा ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूनं वाचायचा असंही म्हटलं. पण तिथं बक्षीसपत्रात मुलगा सांभाळ करतो असा उल्लेख होता आणि जोडीला सांभाळण्याचं लेखी वचनपत्रही होतं. कागद होता.

30 दिवस कुठून आले, देव जाणे. पोटगीच्या अर्जाला कायद्यानंच 90 दिवस ठेवलेत, अपवाद म्हणून वर आणखी 30. तीच मुदत या मेसेजमध्ये घुसली असावी.

आणि ज्या गोष्टीनं माझी झोप उडाली ती ही: कलम 23 ज्येष्ठ नागरिकासाठी, म्हणजे साठ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. आत्या गेल्यावर माझी आतेबहीण त्याखाली अर्जच करू शकत नाही. घर दादाचं झालं की तिचं त्या ओटीवर बसणंही दादाच्या मर्जीवर. दादा भला माणूस आहे. पण दादाच्या मागे कोण असेल, हे आज कुणाला माहीत?

पालकत्वाचं म्हणणं तर सरळ चूक. मूल अठराचं झालं की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, मूल कितीही परावलंबी असलं तरी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे आई, वडील किंवा नातेवाईक अर्ज करून पालक नेमून घेतात. नेमलेल्या पालकाला 6 महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. लोकांना हा त्रास वाटतो. मला तोच या कायद्याचा जीव वाटतो, कारण आईच्या मागेही कुणीतरी विचारणारं राहतं. आत्यानं 13 वर्षं हा अर्ज केला नाही, कारण कुणी सांगितलंच नाही.

बँकेतला नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. शेअर्सच्या नॉमिनीबाबतही सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी चालतं; रजिस्टर करणं ऐच्छिक. मी तरी करायला सांगते, पुढे सहीवरून वाद घालणं अवघड जातं म्हणून. आणि ते जिवंतपणी कितीही वेळा बदलता येतं, जे बक्षीसपत्राचं होत नाही.

मंगळवारची रजिस्ट्री रद्द केली. आत्या आता मृत्युपत्र करतेय: घर दादाला, पण बहिणीला हयातभर तिथं राहण्याचा हक्क, आणि कलमांच्या उत्पन्नातून तिचा खर्च. रत्नागिरीला समितीकडे अर्ज जाईल, पालक म्हणून आत्या आणि दादा दोघांची नावं सुचवून. दादाला फोनवर सगळं सांगितलं. जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "हे आधी का नाही केलं?"

आत्या म्हणाली, हे लिहून ग्रुपवर टाक. शेजारच्या वहिनींची रजिस्ट्री शुक्रवारी आहे.