गवयांच्या बैठकीचे जुने चित्र आणि त्याची मनाजोगती किंमत

आपल्या घरात गवयांच्या बैठकीचे एखादे जुने, चौकटीत बसवलेले रेखाचित्र असेल, त्यावर कोणा अप्रसिद्ध चित्रकाराची अर्धवट वाचता येणारी सही असेल आणि त्याचे मोल जाणून घेण्याची इच्छा आपणांस झाली असेल, तर सर्वप्रथम आकडा मनाशी पक्का करावा. कारणे मागाहून सवडीने गोळा करता येतात. आकडा ठरवताना मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एम. एफ. हुसेन यांच्या ‘ग्रामयात्रा’ या चित्राला सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले, एवढेच ध्यानात ठेवावे. ते चित्र तैलरंगातले, जवळजवळ चौदा फूट लांब आणि हुसेन यांचे होते, आपले पेन्सिलीतले, दीड वीत रुंद आणि ‘व्ही. डी.’ यांचे आहे, असल्या तपशिलांत शिरणाऱ्या माणसाला कलेची जाण नसते.

चित्रकार अप्रसिद्ध असल्याची खंत बाळगू नये. त्यांना ‘उपेक्षित’ म्हणावे, म्हणजे दोष त्यांच्याकडून जगाकडे जातो. ते सर ज. जी. कलाशाळेत शिकले असणार, हे गृहीत धरावे. १८५७ पासून तेथे इतके विद्यार्थी शिकून गेले आहेत की आपले व्ही. डी. त्यांत नव्हतेच, हे कोणालाही चटकन सिद्ध करता येणार नाही. मात्र शाळेच्या नोंदी किंवा बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांच्या जुन्या छापील सूची पाहायला मुळीच जाऊ नये. ज्याचे एकही चित्र लिलावात विकले गेल्याची नोंद नाही, त्याच्या कामाची किंमत नावावर ठरत नाही. विषय, हाताची सफाई, कागदाची अवस्था आणि दिवाणखान्यात ते शोभेल की नाही, यांवर ती ठरते. हे व्यापाऱ्यांना ठाऊक असते. आपण ते माहीत करून घेण्याचे कारण नाही.

चौकटीची मागची बाजू हा फार नाजूक विषय आहे. तेथील तपकिरी कागद आणि गंजलेले बारीक खिळे यांना हात लावू नये, कारण जुन्या चित्राबद्दलची बहुतेक खरी माहिती पाठीमागेच दडलेली असते आणि खरी माहिती आकड्याला क्वचितच मानवते. समजा, चौकट करून देणाऱ्या गिरगावातल्या दुकानाची चिठ्ठी तेथे चिकटवलेली आहे आणि पत्त्याखाली ‘मुंबई ४०० ००४’ असे छापले आहे. आपण पाहुण्यांना चौकटीसकट चित्राचे साल १८९० सांगत आला आहात. सहा आकडी पिनकोड तर १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. चौकट नंतर बदलली असेल, हे अगदी शक्य आहे. पण मग मूळ चौकट कोठे गेली, चित्र कोणाकडून कोणाकडे आले, एखादी पावती किंवा पत्र आहे काय, असे प्रश्न सुरू होतात. त्यांना ‘आजोबांना बडोद्याच्या दरबारातून मिळाले’ हे एकच उत्तर ठेवावे. आजोबा पोस्टात होते, हे सांगत बसू नये.

आता चित्राकडे वळू, तेही दुरूनच. तबलजी आपल्याकडे तोंड करून बसला असेल, तर त्याचा डग्गा पाहणाऱ्याच्या उजव्या बाजूस दिसावयास हवा, कारण तो डाव्या हाताने वाजवतात. आपल्या चित्रात तो डावीकडे आहे. शेजारच्या सारंगियाचा गजही डाव्या हातात आहे. एखादा आगाऊ पाहुणा लगेच म्हणेल की शिळाप्रेसच्या दगडावर सुलटे काढलेले चित्र कागदावर उलटे उमटते, तेव्हा हे रेखाचित्र नसून छाप असावा किंवा छाप्यावरून कोणीतरी गिरवलेले असावे. त्याला शांतपणे सांगावे की हे डावखुऱ्यांचे घराणे होते. मग तो सारंगियाच्या बोटांकडे वळेल: सारंगीची तार नखाच्या मुळाशी दाबली जाते, आणि येथे तर व्हायोलिनवर ठेवावीत तशी बोटांची टोके तारेवर टेकवलेली आहेत, म्हणजे चित्रकाराने सारंगी जवळून पाहिलेलीच नाही. अशा पाहुण्याला पुन्हा चहाला बोलावू नये.

भिंग तर घरात असूच नये. भिंगाखाली छापील चित्रात बहुधा ठिपक्यांच्या शिस्तबद्ध रांगा दिसतात, तर खऱ्या पेन्सिलीचे शिसे कागदाच्या उंचवट्यांवर बसलेले आणि खळग्यांतून निसटलेले दिसते. नोटा तपासण्याचा जांभळा दिवाही वर्ज्य समजावा. १९५० च्या सुमारापासून कागदात घातली जाऊ लागलेली पांढरेपणा वाढवणारी द्रव्ये त्याखाली निळसर चमकतात, आणि १८९० सालच्या कागदाने असे चमकणे बरे दिसत नाही. कागदावरील तांबूस ठिपके आणि आम्लयुक्त पुठ्ठ्याने कडेने उमटवलेली तपकिरी रेघ यांना ‘काळाची झळाळी’ म्हणावे. झळाळी फार वाटल्यास ओल्या फडक्याने पुसावे. ठिपके जाणार नाहीत, तबलजी जाईल.

किंमत एकच असावी, असा हट्ट नको. विम्यासाठी सर्वांत मोठी, विक्रीसाठी तिच्या खालोखाल, आणि भावंडांत वाटणीच्या वेळी चित्र आपल्याकडे ठेवायचे असेल तर ‘काय ते, जुना कागद’. वयाचेही तसेच. गिऱ्हाईक इथले असेल तर चित्र शंभरी ओलांडलेले असावे. गिऱ्हाईक परदेशी निघाले तर चित्र लगोलग अठ्ठ्याण्णव वर्षांचे करावे, कारण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांचे चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

एवढे करूनही लेखी मूल्यांकन हवेच असेल, तर ठरावीक शुल्क घेऊन, चौकट उघडून, अवस्थेची नोंद करणारा आणि अशाच चित्रांचे खरोखर मिळालेले भाव जोडून देणारा तज्ज्ञ टाळावा. इंटरनेटवरच्या जाहिरातींतील मागितलेले भाव आपल्याला पुरतात. किमतीच्या टक्केवारीवर शुल्क आकारणारा शोधावा. व्यवसायाच्या आचारसंहितेत ही पद्धत निषिद्ध आहे, पण आकडा वाढावा ही इच्छा त्याची आणि आपली सारखीच असते. तोच पुढे चित्र विकत घ्यायलाही तयार झाला, तर मात्र त्याला एकाएकी ठिपके, तपकिरी रेघ, पिनकोड आणि डावखुरा तबलजी हे सगळे चष्म्याविनाच दिसू लागेल.